पदवी नसलेली जाणकार आजी सरकारी शाळेत शिक्षिका होऊ शकते का? अमेरिकेतले मूलनिवासी भाषा-परवाने आणि आपण

प्रश्न विचारणारे सर गडचिरोलीत जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतात. त्यांच्या गावात एक आजी आहेत. गोंडी अस्खलित, गाणी-गोष्टी-कुळांची माहिती तोंडपाठ, पण शाळा चौथीपर्यंतही झालेली नाही. अमेरिकेत मूलनिवासींची भाषा, इतिहास, संस्कृती शिकवणाऱ्यांना सरकारी परवाना मिळतो असं सरांनी वाचलं. तो कोण देतं, परीक्षा कोण घेतं, पगार बरोबरीचा मिळतो का, आणि यातलं आपल्याकडे काय जमेल, असं त्यांनी विचारलं आहे.

सर, थेट उत्तर आधी देते. हो, अमेरिकेतल्या अनेक राज्यांत अशी आजी सरकारी शाळेत रीतसर परवानाधारक शिक्षिका होऊ शकते. पदवी लागत नाही. तिला भाषा येते की नाही हे तिची जमात ठरवते, आणि राज्य ते मान्य करून परवाना देतं. मी वायव्य अमेरिकेत बरीच वर्षं शिक्षक-प्रशिक्षणात आहे. अशा उमेदवारांचे अर्ज पुरे करून घेणं आणि नंतर त्यांच्या वर्गात मागच्या बाकावर बसून निरीक्षण करणं हे माझं नेहमीचं काम. त्यावरून माझं मत पक्कं झालं आहे: या व्यवस्थेचा सगळा जीव अधिकाराच्या वाटणीत आहे. भाषेचा निवाडा समाजाने करायचा. मुलांची सुरक्षितता, पगार आणि नोकरीची हमी सरकारने सांभाळायची. ही वाटणी जिथे नीट झाली तिथे परवान्याचा उपयोग झाला. जिथे अर्धवट झाली तिथे परवाना हातात असूनही माणूस मदतनीसच राहिला.

हे परवाने मुळात का लागले ते थोडं सांगते. १८७९ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या कार्लाइल इथे रिचर्ड हेन्री प्रॅट या लष्करी अधिकाऱ्याने मूलनिवासी मुलांसाठी निवासी शाळा काढली. ती १९१८ पर्यंत चालली आणि तिच्या धर्तीवर देशभर शाळा निघाल्या. मुलांचे केस कापायचे, नावं बदलायची, आपली भाषा तोंडातून निघाली की शिक्षा. त्या शाळांतून बाहेर पडलेल्या कित्येकांनी पुढे स्वतःच्या लेकरांशी घरात इंग्रजीच धरली, कारण आपण सोसलं ते त्यांच्या वाट्याला यायला नको होतं. भाषा टिकली ती बऱ्याचदा शाळेच्या तडाख्यातून सुटलेल्या, आजी-आजोबांपाशी वाढलेल्या माणसांकडे. साहजिकच पुढे शाळांनी भाषा शिकवायचं मनावर घेतलं तेव्हा ज्यांच्याकडे भाषा होती त्यांच्याकडे प्रमाणपत्रं नव्हती. मग भाषा जाणणारी बाई वर्गात मदतनीस, तासावर पैसे, उन्हाळ्याच्या सुट्टीत तेही बंद. आणि भाषेचा गंध नसलेली परवानाधारक शिक्षिका तिची वरिष्ठ.

हवाईत हा पेच फार लवकर आणि फार स्पष्ट दिसला. तिथे १८९६ च्या कायद्याने शाळांचं माध्यम इंग्रजी झालं होतं. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला हवाईयन बोलणारी अठरा वर्षांखालची मुलं पन्नाससुद्धा उरली नव्हती. तेव्हा काही पालक आणि शिक्षकांनी १९८३ मध्ये 'पूनाना लेओ' ही संस्था काढून बालवाड्या सुरू केल्या. निइहाऊ बेटावरची अस्खलित बोलणारी माणसं हाताशी होती, पण बालवाडी शिक्षकांच्या पात्रतेचे सरकारी नियम आडवे आले. पालकांनी विधिमंडळाकडे धरणं धरलं तसा पाठपुरावा केला आणि १९८६ मध्ये कायदा बदलून घेतला. शाळांतली हवाईयन माध्यमाची बंदी उठली आणि या बालवाड्यांना पात्रतेच्या अटींतून मोकळीक मिळाली.

१९९० मध्ये अमेरिकेच्या केंद्र सरकारचा मूलनिवासी भाषांविषयीचा कायदा, नेटिव्ह अमेरिकन लँग्वेजेस अ‍ॅक्ट आला. त्यात एक तरतूद आहे जी मी प्रत्येक नव्या अधिकाऱ्याला वाचून दाखवते: शिक्षक-प्रमाणपत्राच्या अटींमुळे मूलनिवासी भाषांचे लायक शिक्षक नेमायला अडथळा येत असेल, तर केंद्राच्या पैशावर चालणाऱ्या कार्यक्रमांत त्या अटींना अपवाद करता येईल, आणि राज्यांनीही तसंच करावं म्हणून त्यांना उत्तेजन द्यावं. इथे 'लायक' आणि 'प्रमाणपत्रधारक' या दोन गोष्टी वेगळ्या असल्याचं देशाच्या कायद्यानेच मान्य केलं. पुढचं काम राज्यांवर सोपवलं.

राज्यांमध्ये ओरेगनचा २००१ चा कायदा तुमच्या कामाचा आहे, म्हणून त्यावर जरा रेंगाळते. ओरेगनमध्ये केंद्राने मान्यता दिलेल्या नऊ जमाती आहेत. प्रत्येक जमातीने आपल्या भाषेची लेखी आणि तोंडी परीक्षा स्वतः तयार करायची. जो ती उत्तीर्ण होईल त्याला राज्याच्या शिक्षक-आयोगाने परवाना द्यायचा. परीक्षा तयार करताना जमातीने तीन गोष्टी ठरवायच्या, त्या कायद्यातच लिहून ठेवल्या आहेत. एक, परीक्षा कोणत्या बोलीत होईल. दोन, जमात आपली लेखनपद्धत प्रमाणित करणार की नाही. तीन, शिकवण्याची पद्धत वर्गात कशी तपासणार. याची उत्तरं काय असावीत यावर राज्य एक अक्षर बोलत नाही.

वॉर्म स्प्रिंग्ज हे राखीव क्षेत्र घ्या. तिथे एकाच जमात-सरकारच्या छत्राखाली इचिश्कीन, किक्ष्त आणि नुमू अशा तीन वेगळ्या भाषा आहेत. राज्याने एकच प्रश्नपत्रिका काढली असती तर काय घोळ झाला असता याची कल्पना तुम्हाला गडचिरोलीत बसून सहज येईल.

त्याच कायद्यात आणखी दोन ओळी आहेत. परीक्षा अशा ठिकाणी घ्यावी की ती घेणाऱ्या जमातीच्या माणसांना त्रास होऊ नये. परीक्षक बहुतेक वयोवृद्ध असतात, त्यांना राजधानीत खेटे घालायला लावू नका, असं कायदाच सांगतो. दुसरी ओळ त्याहून मोलाची: या परवान्यासाठी ठरावीक पदवी, ठरावीक इयत्तेपर्यंतचं शिक्षण किंवा शिक्षक-प्रशिक्षणाचा अभ्यासक्रम यांची अट आयोगाला घालताच येत नाही. ही सवलत म्हणून दिलेली नाही, आयोगाला केलेली मनाई आहे. सवलत साहेब बदलले की जाते, फाईल हरवली की जाते. मनाई कायद्यात असली की नवा साहेब काही करू शकत नाही. आपल्याकडे कधी असा नियम लिहायची वेळ आली तर माझा आग्रह याच एका गोष्टीचा असेल.

बंधनंही आहेत आणि ती मला योग्य वाटतात. या परवान्यावर फक्त तीच भाषा शिकवता येते. त्याच बाईंनी गणिताचा तास घ्यायचा असेल तर नेहमीचा परवाना हवा. शिवाय वर्गात उभं राहायला लागल्यावर अनुभवी शिक्षकाने तासाला बसणं, पाठाचं नियोजन करायला मदत करणं, असा आधार द्यायची तरतूद आहे.

मोंटानात १९९५ पासून 'क्लास ७' नावाचा परवाना आहे. त्याची मुदत पाच वर्षं. तो भाषेपुरता मर्यादित नाही, भाषा आणि संस्कृती दोन्हींचा आहे. कोण पात्र हे जमात कळवते, राज्य पार्श्वभूमी तपासून परवाना देतं. मोंटानाच्या १९७२ च्या राज्यघटनेत मूलनिवासींचा सांस्कृतिक वारसा शिक्षणातून जपण्याची बांधिलकी लिहिलेली आहे, त्यामुळे या परवान्याला भक्कम आधार मिळाला. वॉशिंग्टन राज्याने २००३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरुवात केली आणि २००७ मध्ये कायदा केला. तिथेही जमात आणि राज्य ही दोन सरकारं म्हणून समोरासमोर बसतात. मिनेसोटाच्या कायद्यातही असा परवाना आहे. बाकी राज्यांचे तपशील कमीजास्त, सांगाडा हाच.

आता परीक्षा प्रत्यक्षात कशी होते ते सांगते, कारण कागदावरून ते कळत नाही. जमातीचं नाव घेत नाही. उमेदवार साठीच्या बाई, आयुष्य शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेलं. समोर तीन वृद्ध आणि जमातीच्या भाषा-विभागाची प्रमुख. टेबलावर वर्तमानपत्र पसरून एक आख्खा सामन मासा ठेवला होता आणि शेजारी सुरी. मासा कापत जायचं आणि जे करतोय ते बोलत जायचं. बाईंचा हात सराईत होता, बोलणंही. मध्येच एका आजोबांनी त्यांना थांबवलं आणि विचारलं, "हे असं म्हणायला तू कुणाकडून शिकलीस?" त्यांनी आजीचं नाव सांगितलं, आजी नदीच्या कुठल्या वळणावर राहायची ते सांगितलं. आजोबांनी मान हलवली आणि पुढे चालू ठेवायला सांगितलं. कोणत्याही विद्यापीठाच्या प्रश्नपत्रिकेत हा प्रश्न आला नसता. पण त्या तिघांना जे तपासायचं होतं ते त्यातून नेमकं कळलं: ही भाषा कोणत्या घरातून, कोणत्या नदीकाठच्या बोलीतून आली आहे.

दुसऱ्या भागात त्यांना पहिलीच्या मुलांचा एक तास घ्यायचा होता. बाई पूर्ण वेळ सुंदर बोलल्या आणि मुलं पूर्ण वेळ गप्प बसली. परीक्षकांनी भाषेत त्यांना पूर्ण मान्यता दिली आणि शेऱ्यात लिहिलं की वर्गात सोबत हवी.

सर, हा मुद्दा मी जोर देऊन मांडते, कारण आपल्याकडे जाणकार माणसाविषयीच्या आदरापोटी तो झाकला जातो. भाषा येणं आणि भाषा शिकवता येणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. सहा वर्षांच्या पंचवीस पोरांना अर्धा तास एका भाषेत गुंतवून ठेवणं हे कसब आहे, ते वयाने किंवा मानाने आपोआप येत नाही. त्या बाईंच्या वर्गात आम्ही एक तरुण शिक्षिका जोडीला दिली. तिने एवढंच केलं: प्रत्येक वाक्याला मुलांच्या हाताला काम लावलं. टोपली उचल, पाणी ओत, मासा दे, मासा घे, तुझ्या शेजारणीला विचार. बोलायच्या बाईच, पण दर दोन मिनिटांनी मुलांना काहीतरी करावं लागे आणि करायचं तर ऐकावं लागे. काही महिन्यांत मुलं डबा खाताना त्याच वाक्यांनी एकमेकांना चिडवायला लागली. अशा वेळी मला खात्री पटते की वर्ग लागला.

या जोडीचा दुसरा फायदा जास्त दूरचा आहे. ती तरुण शिक्षिका बाईंकडून भाषा शिकत होती. जन्मतः आपली भाषा बोलणारे बऱ्याच जमातींत आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. परवाना फक्त त्यांच्यासाठीच ठेवला तर दहा वर्षांनी तो घ्यायला कुणी नसेल. म्हणून अनेक जमातींनी परीक्षेच्या पायऱ्या केल्या. मोठेपणी भाषा शिकलेल्या पंचविशीतल्या मुलीला खालच्या पायरीवर मान्यता देऊन लहान वर्ग द्यायचे, आणि नूतनीकरणाच्या वेळी ती पुढे सरकली का ते पाहायचं. काही वृद्धांना हे पटत नाही. अर्धवट भाषा मुलांच्या तोंडी जाईल ही त्यांची भीती खरी आहे. पण वर्ग रिकामा ठेवून भाषा शुद्ध राहत नाही, हे माझं मत आहे आणि मी ते त्यांच्यासमोरही मांडते.

पगाराविषयी तुम्ही विचारलं आहे. इथे बहुतेक शाळा-जिल्ह्यांत पगाराची श्रेणी शिक्षण आणि सेवेची वर्षं यांवर ठरते. पदवीधराची एक ओळ, पदव्युत्तराची वरची. पदवीच नसलेल्या परवानाधारकाला त्या तक्त्यात जागाच नसते, मग त्याला तळाशी बसवतात. सत्तर वर्षं ज्या भाषेत जगली त्या भाषेची शिक्षिका नुकत्याच लागलेल्या बावीस वर्षांच्या पोराइतकाच पगार घेते, कधी त्याहून कमी. जमात-सरकार काही ठिकाणी वरचे पैसे भरतं. काही जिल्ह्यांनी वाटाघाटी करून जमातीची मान्यता पदवीच्या बरोबरीने धरली. हे कायद्याने आपोआप होत नाही, प्रत्येक ठिकाणी भांडून घ्यावं लागतं. म्हणून परवान्याचा मसुदा आणि पगाराचा मसुदा एकाच बैठकीत मांडावा. 'आधी मान्यता मिळू दे, पैशाचं नंतर बघू' असं जिथे झालं तिथे ते नंतर फार लांबलं.

बोटांचे ठसे आणि गुन्हेगारी पार्श्वभूमीची तपासणी यात सवलत नाही, आणि मी ती मागणारही नाही. निवासी शाळांत मुलांवर जे अत्याचार झाले त्यानंतर तर मुळीच नाही. त्रास होतो तो वेगळाच: आयुष्यभर हातांनी काम केलेल्या वृद्धांचे ठसे यंत्रावर उमटत नाहीत. रेशन दुकानात आपल्याकडे हे रोज घडतं, तुम्हाला सांगायला नको. ठसे परत आले की अर्ज अडकतो आणि वृद्ध माणूस वैतागून सोडून देतो. अशा वेळी कार्यालयातल्या कुणीतरी सोबत जाऊन पर्यायी तपासणी करून घेणं, एवढ्या साध्या मदतीवर परवाना मिळतो किंवा जातो.

इतिहास आणि संस्कृती यांचं गणित भाषेपेक्षा निराळं आहे. भाषा शिकवायला मोजकीच माणसं लागतात, इतिहास मात्र प्रत्येक शिक्षकाला नीट यायला हवा. विस्कॉन्सिनचं उदाहरण बघा. १९८३ मध्ये न्यायालयाने ओजिब्वे या मूलनिवासी लोकांचे, अमेरिकी सरकारशी झालेल्या जुन्या करारांतले मासेमारी-शिकारीचे हक्क मान्य केले. त्यानंतर ओजिब्वे माणसं रात्री भाल्यांनी वॉलाय मासे मारायला तळ्यांवर गेली की काठावर जमाव जमायचा, दगड आणि शिव्या. लोकांना करार म्हणजे काय हेच शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. त्यावर उपाय म्हणून १९८९ मध्ये 'अ‍ॅक्ट ३१' झाला. त्यानुसार राज्यातल्या मान्यताप्राप्त ११ जमातींचा इतिहास, संस्कृती आणि स्वायत्तता यांचं शिक्षण घेतल्याशिवाय १ जुलै १९९१ नंतर कुणालाही शिक्षकाचा परवाना मिळत नाही. गोऱ्या शिक्षकालाही नाही, खरं तर मुख्यतः त्याच्यासाठीच. मोंटानाने १९९९ मध्ये सर्व मुलांसाठी मूलनिवासी शिक्षणाचा कायदा केला, वॉशिंग्टनने २०१५ मध्ये जमातींचा इतिहास शाळांना बंधनकारक केला, ओरेगनने २०१७ मध्ये. म्हणजे खरं तर दोन गोष्टी हव्यात: भाषा आणि संस्कृतीच्या जाणकारासाठी खास परवाना, आणि बाकी सगळ्यांसाठी नेहमीच्याच परवान्यात घातलेली अट.

संस्कृतीच्या बाबतीत आणखी एक बारकावा आहे. कित्येक जमातींत काही गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात, काही गाणी विशिष्ट घराण्यांची असतात. सप्टेंबरच्या पाठात कोल्ह्याची गोष्ट टाकली की वृद्ध नाराज होतात आणि शिक्षकाला कारणही कळत नाही. म्हणून काय शिकवायचं आणि काय शाळेबाहेर राहू द्यायचं, हे ठरवण्याचा अधिकारही जमातीकडे लागतो, आणि शिफारस मागे घेण्याचाही.

आता आपल्याकडे. इथे मला स्पष्ट बोलावं लागेल. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २३ नुसार किमान पात्रता ठरवण्याचं काम राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे गेलं आणि २०१० च्या अधिसूचनेपासून टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आली. १ सप्टेंबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने आधीपासून सेवेत असलेल्यांनाही ती लागू केली. पाच वर्षांहून जास्त सेवा उरलेल्यांना दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायचं आहे. महाराष्ट्राच्या टीईटीत गोंडी, माडिया, कोरकू, भिली यांपैकी एकही भाषा नाही. झारखंडच्या टीईटीत संथाली, मुंडारी, हो, कुडुख, खडिया आहेत. केंद्राच्या सीटीईटीत गारो, खासी, मिझो आहेत. म्हणजे हे अशक्य नाही, आपण केलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी बोलणारे जवळजवळ ३० लाख होते, आणि राज्यघटनेचं कलम ३५०-अ प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करायला राज्यांना सांगतं.

तुमच्याच जिल्ह्यातलं मोहगाव तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असेल. धानोरा तालुक्यातल्या या गावात ग्रामसभेने २०१९ मध्ये गोंडी माध्यमाची शाळा काढली. २०२२ मध्ये ती बेकायदा ठरवणारी नोटीस आली, दिवसाला १०,००० रुपये दंडाच्या इशाऱ्यासह, आणि ग्रामसभेला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली. कायद्यातली मान्यतेची अट खरी आहे. पण ग्रामसभेने नेमलेल्या, गोंडी येणाऱ्या शिक्षकाला ओळख देणारा एखादा रकाना नियमांत असता तर चर्चा दंडापासून सुरू झाली नसती.

मग जात-जमातीच्या दाखल्यावर नेमणूक करावी का? इथे सावध राहा. आंध्र प्रदेशाने २००० मध्ये अनुसूचित क्षेत्रांतल्या शाळांतली शिक्षकांची १०० टक्के पदं स्थानिक अनुसूचित जमातींसाठी ठेवली होती. २२ एप्रिल २०२० रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो आदेश घटनाबाह्य ठरवला. अमेरिकेत जमात ही कायद्याने राजकीय एकक आहे. मूलनिवासींना नोकरीत दिलेलं प्राधान्य वंशावर आधारलेलं नसून राजकीय नात्यावर आधारलेलं आहे, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७४ मध्ये मॉर्टन विरुद्ध मॅनकारी खटल्यात म्हटलं, आणि जमातीच्या शिफारशीला वजन आलं ते त्याच समजुतीतून. आपल्याकडे तो आधार नाही. आपल्याला भाषेचं ज्ञान हीच पात्रता म्हणून मांडावी लागेल. गोंडी ज्याला येते तो पात्र, मग त्याचा दाखला कोणताही असो. प्रत्यक्षात बहुतेक उमेदवार गावातलेच असतील, पण निकष न्यायालयात टिकणारा हवा.

भाषा तपासण्याचा अधिकार ग्रामसभेकडे असावा, याला आधार मात्र आहे. अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या १९९६ च्या पेसा कायद्याचं कलम ४(ड) लोकांच्या परंपरा, चालीरीती आणि सांस्कृतिक ओळख जपायला ग्रामसभा सक्षम असल्याचं सांगतं. ग्रामसभेचं भाषा-प्रमाणपत्र आज शिक्षकाचा परवाना होणार नाही, हे आजींनाही स्पष्ट सांगा. पण २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात स्थानिक जाणकारांना शाळांनी निदेशक म्हणून घ्यावं असं म्हटलेलं आहे, आणि ओडिशाने २००६ पासून आदिवासी भाषांतून प्राथमिक शिक्षण चालवून ते २१ भाषांपर्यंत नेलं आहे. या दोन्हींचा हवाला देऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाने आजींना भाषा-निदेशक म्हणून मानधनावर मागता येईल. वर्गात तुम्ही परवानाधारक शिक्षक म्हणून हजर असालच, त्यामुळे नियम मोडत नाही. आणि जोडीने शिकवण्याचा नमुना आपोआप उभा राहतो.

सुरुवात ओरेगनच्या त्याच तीन प्रश्नांपासून करा. ग्रामसभेत आधी बोलीचा ठराव घ्या: तुमच्या इलाख्यातली गोंडी की माडिया, आणि शेजारच्या गावांना ती चालते का. लिपीचा वाद पहिल्या बैठकीत काढू नका. देवनागरी, १९१८ मध्ये मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी तयार केलेली लिपी आणि तेलंगणाकडची गुंजाला लिपी, प्रत्येकीमागे माणसं भावनेने उभी आहेत, आणि पहिली-दुसरीला बोलण्यावरच भर असतो तेव्हा तो निर्णय थांबू शकतो. परीक्षक तीन ठेवा, त्यातला एक तरी शेजारच्या गावचा आणि निदान एक बाई. तोंडी परीक्षेचं चित्रीकरण करा. कोणी, कधी, काय विचारलं ते इतिवृत्तात लिहा, प्रमाणपत्रावर मुदतीची तारीख घाला. उद्या शिक्षणाधिकारी किंवा न्यायालय विचारेल की निवड कशी केली, तेव्हा हेच कागद उपयोगी पडतील. तालुक्यातल्या चार-पाच ग्रामसभांनी एकच पद्धत धरली तर आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे मानधनाची मागणी एकत्र नेता येईल. ठरावाचा मसुदा तयार झाला की मला पाठवा, परीक्षेच्या पायऱ्या आणि वर्ग-निरीक्षणाचा तक्ता मी मराठीत करून देईन.